कवडूचं पाणी

२ एप्रिल १९७९, सोमवार

प्लायवूडवाल्यानं नव्या वर्षाला भेट दिलेली ही डायरी आजवर ओंडक्यांची मापं टिपायला वापरली. आज पहिल्यांदाच मापाशिवाय काही लिहितो आहे. जे ऐकलं ते घरी सांगवत नाही आणि पोटात तर मुळीच राहत नाही.

खैरधरीचा बागबंगला मी उतरवायला घेतला. कोराडीच्या वीजकेंद्राची राख साठवायला तिकडे तलाव होणार आहे. त्यात गाव, बाग, बंगला, सगळंच जातं. गावानं पावसाळ्याआधी उठायचं आहे. गावचे जमीनदार म्हणजे मालगुजार, त्यांच्या घरच्यांनी बंगल्याचं लाकूड काढायला दिलं, ते मी नागपूरच्या लकडगंजातल्या चौघा लाकूडवाल्यांना मागे सारून घेतलं. लोक म्हणतात, नत्थूजी गायधने सागवानाचा वास आला की सुटतो. सागवान आहेच, आलापल्लीचं, रेघ न् रेघ सरळ. पण माझा बाप कवडू या बागेचा माळी होता आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी या बंगल्याच्या पायरीवरून त्याला हाकलून दिलं होतं. मी तेव्हा चार वर्षांचा. ती पायरी मला स्वतःच्या हातानं उखडायची आहे, हे मी चौघांना कशाला सांगू?

आज गावातलेच सहा गडी लावून छपराचे कवेलू उतरवायला सुरुवात केली. गोविंदा म्हणून एक उंच गडी आहे. खालच्यानं हात पुढे करायच्या आत त्यानं दोर सोडला आणि पाटीभर कवेलू फुटून चुरा झाले. खालचा लहानू ओरडला, "केलं ना बे कवडूचं पानी!"

सगळे हसले. मी विचारलं, "हा कवडू कोण?"

"काय मालूम नत्थूजी. आमच्या गावात म्हन्तेत. येळ नसताना कोनी काम केलं का ते कवडूचं पानी. मायी आजी मले म्हने, आता मी ह्याले म्हन्तो."

त्या वेळी तो कवडू लकडगंजात आमच्या अंगणात बाजेवर बसून बशीतून चहा पीत असेल.

५ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस झाले, ते शब्द कानातून जात नाहीत. माझे कान म्हणजे माझा धंदा. छपराचा म्याल असो की खांब, हातोडीच्या दांड्यानं ठोकला की आत वाळवी आहे की नाही ते मी डोळे मिटून सांगतो. याच कानांवर सोळाव्या वर्षी रामाजीशेठच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर लागलो आणि आज माझ्या स्वतःच्या दोन आरामशीनी आहेत. शेठनं मला दारात उभा पाहिला आणि म्हणाला, उद्यापासून ये. ना कुणाची ओळख, ना कुणाची चिठ्ठी. नवीन पोरांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो. माझी बायको रुखमाबाई म्हणते, पोरांना ती आता तुमच्यापेक्षा चांगली येते.

पण आज बाबाबद्दल लिहायचं आहे.

संत्र्याच्या बागेत मृगाचा बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. मुळं उघडी करायची, पानं मलूल होऊन वळायला लागेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवायचं. मग मृगाचा पाऊस पडला की झाड अंगभर फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर ते अवेळी फुलतं, फूल वैशाखाच्या उन्हात करपून गळतं आणि वर्ष रिकामं जातं. कोणत्या झाडाला किती ताण सोसेल हे पानाला बोट लावून सांगणारा माणूस म्हणजे माझा बाप. खाप्याहून लोक त्याला विचारायला यायचे, असं आई सांगायची.

आणि त्याच माणसानं चौतीस सालच्या मे महिन्यात, ऐन ताणात, दोन दिवस मोट हाकून सगळ्या बागेला पाणी दिलं. गणपतराव मालगुजार कोर्टाच्या कामानं नागपुरात होते. आले तेव्हा बाग फुलांनी पांढरी झालेली. पंधरा दिवसांत सगळी फुलं जमिनीवर. गणपतरावांनी पायरीवर उभं राहून विचारलं, "का केलंस?" बाबा काही बोलला नाही. त्याच दिवशी आम्ही बिऱ्हाड डोक्यावर घेऊन निघालो. ताण न कळणारा माळी कोण ठेवणार? बाबा लकडगंजात आला आणि लाकडं खांद्यावरून वाहू लागला.

का केलं ते त्यानं आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. मीही विचारायचं टाळलं. खरं लिहायचं तर, मलाही पुष्कळदा वाटलं आहे की बाबाची चूकच झाली असेल. दारू पीत नव्हता, म्हणजे तेवढा बहाणाही नाही.

होळीच्या सुमारास दरवर्षी आमच्याकडे संत्र्यांची एक करंडी येते. आई म्हणायची, फळबाजारातला ओळखीचा हमाल आहे, तो पाठवतो. आई जाऊन नऊ वर्षं झाली, हमाल एकदाही चुकला नाही. मोठा इमानी माणूस. बाबा एक फळ स्वतःला ठेवतो, बाकीची गल्लीत वाटून टाकतो.

११ एप्रिल, बुधवार

बंगल्यात कोण काय काय सांगतं! इंदूबाई म्हणून साठीच्या घरातली बाई गड्यांना पाणी आणून देते आणि दर घागरीमागे एक गोष्ट देते. बंगल्याला चाळीस दारं होती म्हणे. मी मोजली, बावीस आहेत. "मंग अठरा कोनी चोरून नेले अशीन," म्हणाली. गणपतरावांच्या वडिलांनी कापसाच्या तेजीत हा बंगला बांधला. कामठीच्या गोऱ्या पलटणीतून गाडीभर बर्फ यायचा, तो गवतात गुंडाळून तळघरात ठेवायचे आणि सगळं गाव दारातून हात आत घालून गारवा घ्यायचं. पोपट होता, तो साहेबी शिव्या द्यायचा. एकदा कलेक्टर आला आणि पोपटाचा पिंजरा गोठ्यात लपवला, तर तो तिथून बैलांना शिव्या देत राहिला.

मालगुजारी गेली, मालक नागपुरात धंतोलीत राहायला गेले. मोटेची दोरी कुजली. सहा-सात वर्षांत झाडं वाळली आणि गावाच्या चुलीत गेली. आता नुसती बाभूळ आहे.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तो कवडू?"

"अगा, होता माळी. त्यानं वैशाखात बाग फुलवली. माह्यं लगन त्याच महिन्यात होतं. साऱ्या गावाले वास! मांडवात बसलो तं भटजी मंत्र सोडून नाक वर करून राहिला." ती हसली, मग म्हणाली, "पन मालकाचं मीठ खाऊन मालकाचं वाटोळं केलं त्यानं. दुश्मनी काढली अशीन कायची तरी."

म्हणजे चूकसुद्धा नाही. दुश्मनी. हे मला नवीन होतं. माझा बाप रस्त्यातल्या मुंगीला बाजूला करून चालतो.

घरी येताना बसमध्ये एकच विचार. जूनमध्ये हे गाव उठेल, कोणी कोराडीला, कोणी खाप्याला, कोणी आणखी कुठे जाईल. हे शब्द जिथं तिथं बरोबर जातील आणि खरं काय ते सांगायला ना गाव राहील, ना बंगला, ना बाबा. बाबा आता पंचाहत्तर वर्षांचा आहे. ते शब्द पुसायचे असतील तर याच दोन महिन्यांत पुसायचे. पण काय सांगून पुसू? मलाच ठाऊक नाही.

१५ एप्रिल, रविवार

आज गणपतरावांचा मुलगा मधुकरराव माझ्या लाकडाच्या डेपोत आला. वकील आहे. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा, टापटीप, भुसा अंगावर उडू नये म्हणून दारातच उभा.

म्हणाला, "नत्थूजी, आईची एक इच्छा आहे. मधलं छप्पर उतरवायच्या आधी तिला एकदा बंगला पाहायचा आहे."

"पाहू द्या ना. घर तुमचंच आहे."

"आणि तुमचे वडील आमच्याकडे कामाला होते असं ती म्हणाली. त्यांनाही बोलवाल का?"

माझे कान टवकारले. बाबाचा मुलगा मी, हे हिला कसं कळलं? कागदावर नाव वाचलं असेल. पण बोलवायचं कशाला? जाता जाता आणखी एकदा पायरीवर उभं करून विचारायला? मालगुजारांची ताठ बाई, सगळ्या गावासमोर एखादा शब्द बोलली तर म्हाताऱ्यानं या वयात कुठं जायचं?

"पाहतो," म्हटलं.

रुखमाबाईला सांगितलं, बाबाला कळू द्यायचं नाही. ती पोळ्या लाटत होती, लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, "बुढ्याले इचारून तर पाहा. जायाचं त्यायनं, आन् भेव तुमाले!"

२२ एप्रिल, रविवार

विचारलं. अंगणात लिंबाच्या झाडाला तांब्यानं पाणी घालत होता. वैशाखात त्या झाडाला तो दिवसातून दोनदा पाणी घालतो.

"बाबा, खैरधरीचा बंगला मी पाडून राहिलो."

"मालूम हाय मले. रुखमानं कवाच सांगतलं."

"मालकीणबाई येणार आहेत पाहायला. तुला बोलावलं आहे."

तांब्या तसाच राहिला. "कुसुमबाईसाहेब? जित्या हायेत ना चांगल्या?"

"तू नाही आलास तरी चालेल. मी सांगतो, तब्येत बरी नाही म्हणून."

"काहून? मायी तब्येत काय झाली?"

"तसं नाही. गावचे लोक असतील. काहीबाही बोलतात अजून."

"बोलत अशीन. लोकायले दुसरं काम काय?" आणि रुखमाबाईला हाक मारली, "रुखमा, मायी धुतलेली टोपी कोठं हाय वं?"

दिवस ठरला ६ मे. आतापासून टोपी शोधून ठेवली आहे. बाहेरून कितीही दाखवू दे, आतून म्हातारा हादरला आहे, हे मला दिसतं.

२९ एप्रिल, रविवार

रात्रीचं जेवण उतरत नाही. रुखमाबाई म्हणते, पित्त. एकदा वाटतं बाबाला सहा तारखेच्या आदल्या दिवशी त्याच्या लेकीकडे भंडाऱ्याला पाठवून द्यावं. गड्यांना मात्र ताकीद दिली, पाहुणे येतील त्या दिवशी तोंड सांभाळायचं. "आमी काय म्हन्तो?" गोविंदानं विचारलं. आता काय म्हणू नका ते सांगायचं तर तेच शब्द मला माझ्या तोंडानं म्हणावे लागले असते. मी म्हटलं, "शिव्या देऊ नका." तो म्हणाला, "त्या तं आमी देतच नाई बे," आणि जीभ चावली.

६ मे, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो. एकही शब्द सुटायला नको.

सकाळी नऊला बाबाला घेऊन पोचलो. वरांड्याचे खांब उभे होते, समोरची पायरी तशीच. बाबा सरळ तिच्यावर जाऊन बसला. त्या पायरीवर त्याला कसं बसवलं!

मधुकरराव आईला घेऊन गाडीतून उतरला. मी मनात जी ताठ बाई धरून बसलो होतो, ती कुठे दिसेना. साठीची, बारीक, पांढरं सुती लुगडं, हातात पितळी फिरकीचा तांब्या. बाबा उठायला लागला, तर म्हणाली, "बसा, कवडूजी." कवडू नाही, कवडूजी. मी ऐकलं. आणि ती त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर, पदर सावरून बसली. मधुकररावानं खुर्ची आणली होती, ती तशीच राहिली.

इंदूबाई आणि गावातल्या पाच-सहा बायका मालकीणबाईंना पाहायला जमल्या. कामही चालू होतं, कारण गड्यांना थांबवलं असतं तर तेही येऊन उभे राहिले असते. मी चहा मागवला. कुसुमताई मला म्हणाल्या, "तुम्ही रामाजीशेठकडे होतात ना सुरुवातीला? आमच्या बांधावरचा साग तेच न्यायचे. तेव्हा मी त्यांना एक चिठ्ठी..."

"बाईसाहेब, च्या थंडा होऊन राहिला," बाबा मध्येच म्हणाला. म्हाताऱ्याला दुसऱ्याचं बोलणं तोडायची सवय आहे. त्या हसल्या, कप घेतला, चिठ्ठीचं राहूनच गेलं. सागाच्या मापाची असेल.

तेवढ्यात वर धाडकन आवाज. दोराची गाठ पक्की व्हायच्या आत गोविंदानं छपराची लाकडी कडी सोडली आणि ती वरांड्यात येऊन आदळली. कोणाला लागलं नाही. पण लहानू खालून बोंबलला, "झालं! केलं पुन्ना कवडूचं पानी!"

मी डोळे मिटले. गडी हसले आणि त्या हसण्यात माझं सगळं आयुष्य वितळून जातं आहे असं वाटलं.

कुसुमताईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

इंदूबाईला काय माहीत शेजारी कोण बसला आहे! तिनं मोठ्या उत्साहानं सांगितलं. जुना माळी होता, ताणात पाणी देल्लं, मालकाची बाग बुडवली, बेइमान निंगाला, तवापासून गावात असं म्हन्तेत.

कुसुमताईंनी कप खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या. "वरच्यांनो, खाली या," म्हणाल्या. आवाज बारीक, पण सगळे उतरले. मग त्यांनी बाबाकडे हात केला.

"पाणी यांनी दिलं नाही. मी द्यायला लावलं."

त्या पुढे म्हणाल्या, "मी गुहागरकडची. आमच्या आगरात पोफळींना रोज शिंपण असतं. तहानलेलं झाड आम्ही पाहिलेलं नसतं. लग्न होऊन इथं आले, पहिलाच उन्हाळा. चौथा महिना होता. पोटात काही ठरत नव्हतं. चिंच आणली, कवठ आणलं, सगळं उलटून पडायचं. खिडकीतून ती झाडं दिसायची, पानं मिटलेली, मुळं उघडी. मला वाटायचं, त्यांच्याबरोबर मीही वाळते आहे. सासूबाई रामटेकला गेलेल्या, घरात कोणी मोठं नाही. तीन दिवस यांना सांगितलं, पाणी सोडा. तीनदा नाही म्हणाले, ताण समजावून सांगितला. चौथ्या दिवशी या पायरीवर बसून रडले. म्हटलं, हाच माझा डोहाळा आहे, दुसरं काही नको. तेव्हा हे उठून बैल जुंपायला गेले."

त्यांनी बाबाकडे पाहिलं. "पाटातून पाणी चाललं त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला. आणि मालकांनी यांना विचारलं तेव्हा मी त्या दाराआड उभी होते. एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले. सतरा वर्षांची होते, एवढंच म्हणते. मग सासूबाई होत्या, मग मालक होते, मग वाटलं, आता कुणाला सांगायचं? गावात असं म्हणतात हे मला आज कळलं."

मी बाबाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी असेल असं वाटलं होतं. म्हातारा रागावला होता!

"काहून सांगतलं बाईसाहेब? मायी माय म्हने, पुरवलेला डोहाळा बोलून दाखवाचा नसते. पोराले बाधते."

"तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला, कवडूजी. आता काय बाधतंय?"

सगळ्यांनी मधुकररावाकडे पाहिलं. वकीलसाहेबाला हे सगळं नवीनच. चष्मा काढून पुसत होता, परत घालायचं विसरला होता. बाबानं त्याला जवळ बोलावलं. तो वाकला. बाबानं त्याच्या गालाला एक बोट लावलं, अगदी पानाला लावावं तसं, आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"चांगला भरला," म्हणाला.

मग इंदूबाईनं कपाळावर हात मारला. "अगा माय माय! तू तो कवडू? जिता हायेस? आन् आमी पोट्ट्यायले तुयं नाव घेऊन शिव्या देऊन राहिलो गा इतके वर्सं!"

"देल्या तं देल्या. नाव तं इसरले नाई," बाबा म्हणाला.

"आन् बाईच्या डोहाळ्यापाई नोकरी गमावली? बायकोच्या डोहाळ्याले माह्या बुढ्यानं एक बोर नाई आनून देल्लं!"

हसणं उसळलं. लहानू बाबाच्या पाया पडायला आला, त्याच्या मागे गोविंदा. मी वरांड्याच्या खांबामागे गेलो. खांब ठोकून पाहत होतो, असं सगळ्यांना वाटलं. थोडा ठोकलाही.

७ मे, सोमवार

रात्री झोप लागली ती सकाळी नऊपर्यंत. रुखमाबाईनं दोनदा येऊन नाकाशी हात धरून पाहिला म्हणे. छातीवरचा ओंडका उतरला. हलकं म्हणजे किती हलकं वाटतं, ते ज्यानं आधी वाहिलं त्यालाच कळेल.

दुपारी बाबाला विचारलं, "मला तरी सांगायचं होतं."

"तुले सांगून काय झालं असतं? तू जाऊन भांडला असता."

खरं आहे, भांडलो असतो.

"पण तुला ताण कळत होता. वर्ष जाईल हे ठाऊक होतं. तरी बैल जुंपलेस?"

लिंबाच्या झाडाशी तांब्या रिता करून तो म्हणाला, "झाडाले ताण देता येते. पोटुशी बाईले नाई देता येत."

मी विचारलं, "इतकी वर्षं तुला लाज वाटत नव्हती?"

"कायची लाज? सारी बाग फुलली होती बे. जनमात तसा वास पुन्ना नाई आला. आन् ते सतरा वर्साचं लेकरू पायरीवर बसून भात खाऊन राहिलं होतं." मग माझ्याकडे पाहून, जरा दयेनं, "तू वागवत होता का गा लाज? मले वाटलं, तुले धंद्याचं टेन्शन हाय."

डेपोत गेलो आणि दिवसभर सगळ्यांशी गोड बोललो. मुकादम घाबरला, दुकान विकताय का म्हणून विचारत होता.

एक गोष्ट मात्र कळत नाही. कुसुमताई निघताना बाबाला म्हणाल्या, "यंदाची आंबट निघाली, नाही?" बाबा म्हणाला, "नाई बाईसाहेब, चांगली होती." काय आंबट, कुठलं यंदा? पंचेचाळीस वर्षांनी भेटणाऱ्या माणसांचं बोलणं असंच तुटक होत असावं.

२० मे, रविवार

बंगला उतरला. बावीस दारं, चौदा खांब, सात म्याल. एकाही म्यालात वाळवी नाही. ठोकलं की घंटेसारखा आवाज. देवघराचा दरवाजा मधुकररावाकडे धंतोलीत पोचवला. नको नको म्हणत होता, पण कुसुमताईंनी आतून आवाज दिला, "घे."

शेवटी पायरी राहिली. जिच्यासाठी चौघांना मागे सारलं ती. उखडायला सब्बल मीच हातात घेतली. अख्खा काळा दगड, मध्ये पायांनी झिजून खळगा पडलेला. फोडावासा वाटेना. चार गड्यांनी उचलून ट्रकवर टाकली.

रुखमाबाई खूश झाली. तिला धुणं धुवायला मोठा दगड केव्हापासून हवाच होता. मी म्हटलं, धुणं नको. ती म्हणाली, "मंग काय पुजा करता?" शेवटी अंगणात लिंबाखाली बसवली. सकाळी तिच्यावर धुणं, संध्याकाळी बाबा. दोघांचं पटतं.

३ जून, रविवार

उरलेल्या फळ्या पाहायला खैरधरीला गेलो होतो. गाव निम्मं रिकामं. चुलींचे काळे डाग राहिले आहेत, भिंती गेल्या. परत येताना बसमध्ये मागच्या बाकांवर खैरधरीचेच लोक, गाठोडी, कोंबड्या, एक शिलाई मशीन. कोराडीच्या बाजूला नव्या जागेवर चालले होते. मी पुढे बसलो होतो. मला ओळखणारं कोणी नव्हतं.

माझ्या मागच्या बाकावर एक सासू आणि पोटुशी सून. वाटेत झाडाखाली एक बाई जांभळांची टोपली घेऊन बसलेली. सून मान वळवून मागे पाहत राहिली. सासू उठली.

"कंडक्टर भाऊ, थांबव ना गा गाडी दोन मिनिटं. पोरीले जांभळं पाह्यजेत."

"बाई, इथं स्टॉप नाई."

"नाई तं नाई. कवडूचं पानी समज!"

मागचे सगळे बाक हसले. बिचाऱ्या कंडक्टरला काही कळलं नाही, तो घंटीची दोरी धरून उभा. मागून एक म्हातारा ओरडला, "ओढ ना बे! पोटुशी बाईले नाई म्हनू नये, आमच्या गावाचा कायदा हाय." त्यानं दोरी ओढली. बस थांबली. सून खाली उतरली नाही, सासूच धावली, आणि पदरात जांभळं घेऊन आली. बसभर वाटली. माझ्याही हातावर चार ठेवली. मी कोण ते सांगितलं नाही. जीभ जांभळी झाली होती, बोलवतही नव्हतं.

घरी येऊन बाबाला सगळं सांगितलं. सासू कशी उठली, कंडक्टर कसा गोंधळला, बस कशी थांबली, आणि ते शब्द. ते शब्द मी दोनदा सांगितले. म्हातारा पायरीवर बसून शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"पोरीले जांभळं भेटले ना?"

"भेटले."

"मंग झालं," म्हणाला, आणि लिंबाला पाणी घालायला उठला.